आठवी लादी

नौपाड्यातल्या त्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर डावीकडचं दार सुधीर परचुऱ्यांचं. दारावरची पाटी ओळंबा लावून ठोकलेली आहे, हे ते येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात. न सांगितलं तर कुणाच्या लक्षात येणार? सरकारी मोजणी खात्यात चौतीस वर्षं काढलेला माणूस. गावांच्या शिवा, शेतांचे बांध, भावाभावांची भांडणं, सगळं त्यांनी साखळी आणि तिपाईवरचं प्लेन टेबल लावून मोजलं. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी 'परचुऱ्यांची मोजणी' म्हटलं की जुने कारकून अजून मान डोलावतात. त्यांची एकही मोजणी अपिलात फिरली नाही. ही गोष्ट मात्र ते स्वतःहून सांगत नाहीत. येणाऱ्याने विचारावी अशी त्यांची इच्छा असते.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी जी मुलगी आली तिने विचारलीसुद्धा. समृद्धी मढवी तिचं नाव. डोंबिवलीला मानपाड्याच्या पुढे कुंभेरी म्हणून गाव आहे, तिथली. वास्तुरचनेच्या शेवटच्या वर्षाला होती. पाठीवर नकाशांची नळकांडी, पायात धुळीने पांढरे झालेले बूट.

"काका, कुंभेरीच्या धावपट्टीची शहाऐंशी सालची मोजणी तुम्हीच केलेली ना? खाली तुमची सही आहे. इतका क्लीन नकाशा मी आजपर्यंत बघितलाच नाही."

परचुरे विरघळले. त्यांनी सुमतीबाईंना चहा टाकायला सांगितला आणि वर ओल्या नारळाच्या वड्याही काढायला सांगितल्या. वड्या घरात कुणाला काढायच्या याचे त्यांचे नियम कडक होते.

समृद्धीने जमिनीवर ट्रेसिंग पेपर पसरला. तिच्या प्रबंधाचा विषय होता युद्धाने आखलेलं शहर. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी कल्याणच्या आसपास छावण्या बांधल्या, गोदामं बांधली, आणि कुंभेरीच्या भातशेतांवर विमानांसाठी काँक्रीटची पट्टी ओतली. लढाई संपली, इंग्रज गेले. छावण्यांमध्ये फाळणीतून आलेली माणसं राहिली आणि बघता बघता त्यांचं गाव झालं. कुंभेरीची पट्टी मात्र नुसतीच पडून राहिली. पडून राहिली असं आपण म्हणायचं. गावाने तिला एक दिवस रिकामं ठेवलं नाही. तिच्यावर भात वाळलं, मीठ वाळलं, क्रिकेटचे सामने झाले, गावातली अर्धीअधिक पोरं तिच्यावर गाडी शिकली. विमानांना खुणा करणारे शिपाई जिथे बसत त्या खोलीत आज बालवाडी भरते. बाँब ठेवायच्या कोठारात मंडपवाल्याच्या खुर्च्या असतात.

"आणि हे बघा," समृद्धी म्हणाली. "आमच्याकडचे सगळे रस्ते तिरके. डोंबिवलीतल्या बाकीच्या रस्त्यांशी जुळतच नाहीत. बिल्डिंगा पण तिरक्या. मला वाटलेलं, बिल्डरने चुना लावला. मग कळलं, सगळे प्लॉट पट्टीच्या कडेपासून पाडलेत."

"पट्टी वाऱ्याच्या दिशेने आखावी लागते," परचुरे म्हणाले. "विमान वाऱ्याला तोंड देऊन उतरतं."

"तेच. म्हणजे तेव्हाची विमानं ज्या वाऱ्यावर उतरायची, त्याच वाऱ्याकडे तोंड करून आज आमची दहा हजार माणसं राहतायत. आणि एकालाही माहीत नाही."

परचुरे तिच्याकडे बघतच राहिले. आयुष्यभर त्यांनी त्या भागात रेघा मारल्या होत्या, पण त्या रेघांना वारा लागलेला त्यांना कधी दिसला नव्हता. पोरगी हुशार आहे, असं त्यांनी मनात नाही, तोंडावरच म्हटलं.

मग तिने दुसरा कागद काढला. ती सरकारी नोटीस होती. पट्टीच्या जमिनीवर मोठी गृहयोजना यायची होती, त्यासाठी सरकारी जागेची हद्द मोकळी करायची होती. हद्द ठरली होती परचुऱ्यांच्या शहाऐंशीच्या नकाशावरून, आणि तिच्यात गावठाणाच्या कडेची अकरा घरं येत होती. पुढच्या गुरुवारी कल्याणला सुनावणी होती. अकरांतलं एक घर समृद्धीच्या आजीचं होतं.

"हद्द चुकीची आहे, असं आजी म्हणते."

परचुऱ्यांच्या चेहऱ्यावरचा वड्यांचा गोडवा जरा कमी झाला. "बाळ, माणूस म्हणतो, रेघ बोलते. मूळ नकाशा वाळवीने खाल्ला होता, पण पट्टी ओतली तेव्हाचा एक कागद शिल्लक होता. त्यात स्वच्छ लिहिलंय, काँक्रीटच्या कडेपासून दोन्ही बाजूंना दीडशे फूट सरकारी. मी कडेपासून दीडशे फूट मोजले. त्यात आजीचं घर आलं तर त्याला मी काय करणार?"

"तुम्ही एकदा येऊन बघा फक्त. रविवारी माझ्या भावाची, विकीची हळद आहे. जेवायलाच या. आणि मला प्रबंधासाठी पट्टीवर चार गोष्टी सांगा."

आगऱ्यांच्या हळदीचं जेवण आणि शिकवायला मिळणारी चार माणसं, या दोन्हींना नाही म्हणण्याइतके परचुरे विरक्त नव्हते.

रविवारी सकाळी समृद्धीच्या वडिलांनी, महेंद्र मढवींनी, गाडी पाठवली. परचुरे कुंभेरीत उतरले तेव्हा मंडपात भांड्यांचा खणखणाट चालू होता. तरीही त्यांचं लक्ष आधी पट्टीकडे गेलं. गावाच्या अंगाला लागूनच ती पसरलेली होती, करडी, सपाट, इथून तिथवर. दहा बाय दहा फुटांच्या लाद्या एकापुढे एक ओतलेल्या. ब्याऐंशी पावसाळे तिने काढले आणि भेगा म्हणाल तर बोटावर मोजण्याइतक्या. परचुरे खाली वाकले आणि त्यांनी तळहाताने लादी चाचपली. आपल्याकडे नवा रस्ता एक गणपती बघतो, दुसरा बघत नाही. हे काम ज्यांनी केलं ते गोरे अधिकारी निघून गेले, पण डोक्यावर घमेली वाहणारे हात याच गावातले होते. ज्याचं शेत त्यानेच त्यावर काँक्रीट टाकायचं आणि रोजंदारी घ्यायची, असा तो व्यवहार. तरी काम चोख झालेलं. परचुऱ्यांना त्या न पाहिलेल्या हातांचं मनापासून कौतुक वाटलं.

"सायेब आयला काय?" मागून आवाज आला.

ही तुळसा मढवी, समृद्धीची आजी. वय ऐंशीच्या घरात, अंगाने काटकुळी, नऊवारी घट्ट कसलेली, कपाळावर आडवं कुंकू. ती धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात देवाब्राह्मणाच्या आधी धवलारणीचा मान. ती धवले गाते, त्या गाण्यांत देवांना आवतण देते, आणि तिने गायल्याशिवाय हळद दळली जात नाही. पंचक्रोशीत आता अशा दोनच बायका उरल्या होत्या. दुसरीला धवले निम्मेच येत.

"चल, देवांना आवतन दियाला जातंव," ती परचुऱ्यांना म्हणाली. "मंग जेव."

पंधरा-वीस बायका निघाल्या. हातात नारळ, तांदूळ, हळदकुंकवाची वाटी. पुढे तुळसा गात होती. आवाज थरथरत होता, पण शब्द एकही अडखळत नव्हता. पहिलं आवतण गावदेवीला, दुसरं वेशीच्या मारुतीला. मग तिने शेतं सांगायला सुरुवात केली. कुठलं शेत कुणाचं, त्याच्या उगवतीला कोण, मावळतीला कोण, कुठल्या बांधावर आंबा होता, कुठल्या बांधावर नुसता निवडुंग. त्यांतलं एकही शेत आता जागेवर नव्हतं. काही काँक्रीटखाली गेली होती, काहींवर सात मजले चढले होते. परचुरे ऐकत चालले आणि हळूहळू त्यांची चाल मंदावली. सातबाऱ्याचं आख्खं दप्तर ही बाई तोंडपाठ गात होती. तेही क्रमाने, एक गट न गाळता.

"हे सगळं तुम्हाला कुणी शिकवलं?" गाणं थांबलं तेव्हा त्यांनी विचारलं.

"माजी सासू, रंगूबाई. तिना पट्टी पडताना डोल्यानी बगितलेली. शेता गेली तवा बोलली, गोरा जमीन नेल, नाव कसा नेल? न् धवल्यान घातली सगली."

ज्या बाईला सही येत नव्हती तिने गावाचा नकाशा गाण्यात दडवून ठेवला होता. तो वाळवी खाणार नव्हती. परचुऱ्यांच्या खात्यात हे कुणालाच सुचलेलं नव्हतं.

बायका पट्टीच्या कडेला आल्या. इथे बांधाच्या देवाला आवतण होतं. देव म्हणजे पूर्वी शेताच्या बांधावर असलेला शेंदरी धोंडा. पट्टी ओतताना तो हलवायला कुणी धजेना, तेव्हा वरूनच काँक्रीट टाकलं. तो अजून खाली आहे, एवढं गावाला माहीत होतं. तुळसाने सूर लावला:

"गोऱ्यानी टाकली लादी गो बाय, लादी मोजा आठ,
आठवे लादीचे पोटान बसलाय, त्याला सांगा वाट."

बायका पट्टीवर चढल्या आणि चालायला लागल्या. पहिल्या तीन लाद्या गुपचूप ओलांडल्या. मग चौथ्या लादीवर पाय ठेवताच सगळ्यांनी मिळून 'एक' म्हटलं. मग दोन, मग तीन. आठ म्हणून झालं तिथे तुळसा थांबली, खाली बसली आणि नारळ फोडला.

परचुऱ्यांना सवयीने मोजायची खोड. त्यांचे अकरा झाले होते. खोड अशी की चूक दिसली की बोलल्याशिवाय राहवत नाही.

"आजी, ही आठवी नाही. कडेपासून मोजलं तर अकरावी आहे."

तुळसाने तांदूळ वाहिले, कुंकू लावलं, मग वर बघितलं. "त्या तीन मागून आयल्या. पासष्ट सालान. परत लढाईची हवा झाली तवा सरकारनी पट्टी रुंद केली, गावाचे अंगानी. महेंद्र माज्या पोटान होता, मी सोता घमेली व्हायलीव. त्या तिघींना धवल्यान जागा नाय."

परचुरे नकळत मागे फिरले. तिसऱ्या आणि चौथ्या लादीच्या सांध्याशी ते उकिडवे बसले. गुडघे कुरकुरले, तिकडे त्यांनी लक्ष दिलं नाही. खिशातल्या किल्लीने त्यांनी लादीचा झिजलेला कोपरा खरवडला. चौथ्या लादीत नदीचे गुळगुळीत गोटे होते. तिसरीत फोडलेली काळी खडी होती, धारदार. दोन लाद्यांच्या मध्ये डांबराची फट होती, इतर फटींपेक्षा दुप्पट रुंद. ही रेघ कोणाही शिकाऊ मोजणीदाराला दिसली असती. वाकला असता तर.

तीन लाद्या म्हणजे तीस फूट. काँक्रीटची मूळ कडा तीस फूट आत होती. त्यांची दीडशे फुटांची रेघ तेवढीच आत सरकायला हवी होती. सरकली की अकराच्या अकरा घरं हद्दीच्या बाहेर. हिशेब करायला त्यांना कागद लागला नाही.

समृद्धी वही घेऊन शेजारी येऊन उभी राहिली. "काका, चार गोष्टी सांगणार होतात."

"आज नको," परचुरे म्हणाले. जेवायला ते बसले, पण काय खाल्लं ते त्यांना सांगता आलं नसतं. निघताना त्यांनी महेंद्रकडून नोटिशीसोबत आलेल्या सगळ्या कागदांच्या प्रती मागून घेतल्या.

घरी आल्यावर त्यांनी कागद टेबलावर लावले. नकाशा, मोजणीचा तक्ता आणि तळाशी पंचनामा. पंचनामा त्यांच्याच अक्षरात होता. अक्षर सुरेख, काना-मात्रा जागच्या जागी. शेवटचं वाक्य: 'लगतचे कब्जेदार भिवा नामा मढवी यांस हद्द समक्ष दाखविली, त्यांची हरकत नाही.' खाली भिवाचा, म्हणजे तुळसाच्या नवऱ्याचा, अंगठा.

परचुरे त्या अंगठ्याकडे बराच वेळ बघत बसले. पंचनामे ते आदल्या दिवशी कचेरीतच लिहून ठेवत. वेळ वाचायचा. जागेवर जायचं, मोजायचं आणि अंगठे घ्यायचे. त्यांच्या पिढीत अनेकजण असंच करत, आणि वाईट हेतू कुणाचाच नसे. हरकत नाही, हे वाक्य हरकत घेण्याची वेळ येण्याआधीच लिहून तयार असे, एवढंच.

आणि मग त्यांना भिवा आठवला. आठवायचा नव्हता, तरी आठवला. प्लेन टेबलापाशी आपण डोळा लावून उभे, मे महिन्याचं ऊन, आणि दूर पट्टीवर एक उघडाबंब माणूस एकाच लादीवर पाय आपटत काहीतरी ओरडतोय. पुन्हा पुन्हा तिथेच पाय आपटतोय. आपण हात हलवून त्याला बाजूला व्हायला सांगितलं, कारण तो नेमका रेघेच्या आड येत होता. नंतर तो जवळ येऊन पुन्हा बोलायला लागला. आपण म्हणालो, मी नकाशे वाचतो, गोष्टी ऐकत नाही. हे वाक्य त्या दिवशी आपल्याला फार छान जमल्यासारखं वाटलं होतं. संध्याकाळी कचेरीत आपण ते दोघा-तिघांना ऐकवलंही होतं.

रात्रीच्या जेवणाआधी त्यांनी सुमतीबाईंना सगळं सांगितलं. सुमतीबाई शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या होत्या. नवऱ्याचं बोलणं त्या उदाहरण तपासावं तसं शेवटपर्यंत ऐकत.

"मी गेलोच नाही सुनावणीला तर?" परचुरे म्हणाले. "मला बोलावलेलं नाही. त्यांनी वकील दिलाय. लाद्यांचं त्यांचं ते सांगतील."

"सांगतील. आणि समोरून हा पंचनामा काढतील, त्यावर त्यांच्याच माणसाचा अंगठा. मग?"

परचुऱ्यांनी पंचनामा उलटा करून ठेवला.

"चौकशी लागेल का तुमच्यावर?"

"या वयात काय लावणार? लावलीच तर लावू देत. पण बाकीच्या मोजण्या? लोक म्हणतील, परचुऱ्याने हे असं केलं, तर आणखी किती केलं असेल? चौतीस वर्षांचं नाव आहे, सुमती. दुसरं काय कमावलं मी?"

सुमतीबाईंनी ताट वाढलं. "तुम्ही बोललात तर लोक चार दिवस बोलतील. नाही बोललात तर तुम्ही मला जन्मभर बोलत बसाल. मला चार दिवस परवडतील."

परचुऱ्यांना हसू आलं आणि त्याच वेळी डोळेही भरून आले. त्यांनी वरणात मीठ कमी आहे म्हणून सांगितलं. ते तसं नव्हतं.

गुरुवारी ते कल्याणला गेले. सुनावणीची खोली दगडी बांधकामाच्या जुन्या इमारतीत होती. उंच छत, जाड भिंती, आवाज घुमणारा. राज्य कुणाचंही असो, आत शिरणाऱ्याने आपोआप हळू बोलावं अशी ती खोली बांधणाऱ्यानेच सोय करून ठेवलेली. अकरा घरांतली माणसं बाकांवर बसली होती. हळदीचे हात अजून पिवळे होते. विकीच्या मनगटाला हळकुंड तसंच बांधलेलं होतं. समृद्धीने प्रबंधातले नकाशे आणले होते. तुळसा पहिल्या बाकावर पाय वर घेऊन बसली होती आणि त्या खोलीत मोठ्याने बोलणारी ती एकटीच होती.

अधिकारी तरुण होते आणि ऐकून घेणारे होते. त्यांनी मढवींच्या वकिलाचं ऐकलं, समृद्धीचे नकाशे लक्षपूर्वक बघितले, धवल्याची गोष्ट ऐकून तर पेन खाली ठेवलं. पण मग त्यांनी तोच कागद उचलला.

"हे सगळं फार विलक्षण आहे. पण गाणं दस्तऐवज होत नाही. आणि इथे तुमच्याच आजोबांचा अंगठा आहे, हरकत नाही म्हणून. हे लिहिणारे मोजणीदार चांगले नावाजलेले होते, असं मी ऐकलंय."

"मी आलोय," मागच्या बाकावरून परचुरे म्हणाले.

सगळी खोली वळून बघायला लागली. परचुरे उठले. घरून लिहून आणलेला जबाब त्यांच्या हातात होता, पण पहिल्यांदा ते कागदाशिवायच बोलले. काँक्रीटच्या दोन जाती, गोटे आणि खडी, सांध्याची रुंद फट, तीस फूट. यात त्यांचा आवाज ठाम होता. हे सांगताना ते नेहमीचे परचुरे होते.

"पण भिवा मढवींची हरकत नव्हती," अधिकारी म्हणाले.

इथे त्यांचा आवाज बसला. पण घुमणाऱ्या खोलीने आपलं काम चोख बजावलं. सगळ्यांना ऐकू गेलं.

"होती. हे वाक्य मी आदल्या दिवशी कचेरीत बसून लिहिलं होतं. त्यांना वाचून दाखवलं नाही. ते त्या लादीवर उभे राहून मला सांगत होते. मी त्यांना रेघेतून बाजूला व्हायला सांगितलं."

महेंद्र मढवींनी मान खाली घातली. अधिकाऱ्यांनी जबाबाचा कागद मागून घेतला, वाचला आणि म्हणाले, "हा दाखल करून घेतो. खाली सही करा."

परचुऱ्यांनी पेन काढलं, आणि थांबले. "साहेब, सहीच्या आधी हा तुळसाबाईंना वाचून दाखवा. सगळा. त्या लगतच्या कब्जेदार आहेत."

अधिकाऱ्यांनी क्षणभर त्यांच्याकडे बघितलं आणि कारकुनाला खूण केली. कारकून वाचायला लागला. तुळसाने पाय खाली सोडले, डोळे मिटले, आणि दुसऱ्या धवलारणीचा धवला तपासावा तशी ती ऐकत राहिली. 'सदर धावपट्टीची मूळ कडा' झालं, 'तीस फूट' झालं, 'कै. भिवा नामा मढवी यांनी जागेवर हरकत घेतली होती' झालं. तिथे तिचे ओठ हलले, आवाज आला नाही. कारकून शेवटच्या वाक्याशी आला: 'ही चूक माझ्या नजरचुकीने झाली.'

"थांब," तुळसा म्हणाली.

कारकून थांबला.

"नजरचूक नाय." ती परचुऱ्यांकडे वळली. रागाने नव्हे; एखाद्याचं मोजमाप दुरुस्त करावं तसं तिने ते सांगितलं. "भिवान तुला लादीवर उबा राहून दाखवला. तू बगितलास. तुजी नजर चांगली हाय सायेब, परवा एक खडा बगून वलखलास. नजर होती. कान नव्हता."

परचुऱ्यांनी मान हलवली. वाद घालण्यासारखं त्यात काही नव्हतं. चौतीस वर्षांत त्यांची मोजणी कुणी फिरवली नव्हती. आज एका निरक्षर बाईने ती एका शब्दात फिरवली आणि ती बरोबर होती. त्यांच्या मनात आलं की इतकी नेमकी रेघ आपल्याला कधी मारता आली नाही.

त्यांनी कागद पुढे ओढला. 'माझ्या नजरचुकीने' या शब्दांवर एक सरळ आडवी रेघ मारली आणि वर आपल्या सुरेख अक्षरात लिहिलं: 'सांगितलेले मी न ऐकल्यामुळे'. मग वाक्य मोठ्याने वाचलं. तुळसाने होकार दिला.

"आता कर सही," ती म्हणाली.

अधिकाऱ्यांनी फेरमोजणीचा आदेश लिहायला घेतला, मूळ कडा गाठून, चौथ्या लादीपासून. 'चौथ्या' म्हणताच तुळसा बाकावरून म्हणाली की तिला पयली म्हनतात, आणि अधिकाऱ्यांनी तेही कंसात नोंदवून घेतलं. परचुऱ्यांनी जबाबाच्या तळाशी सही केली. खाडाखोड केलेल्या ठिकाणी बाजूला वेगळी सही लागते, असा नियम आहे. त्यांनी तिथेही केली.